धरणाच्या दारातली रांगोळी

सहलीच्या छापील पत्रकात बागेला नेहमी शेवटचा तास मिळतो. "म्हैसूर : सकाळी राजवाडा, नंतर चामुंडीचा डोंगर, भोजन, दुपारी श्रीरंगपट्टण, सायंकाळी वृंदावन गार्डन, मुक्काम." राजवाड्याला इतिहास आहे, चामुंडीला देवी आहे, श्रीरंगपट्टणला टिपू आहे. बागेला काय आहे? बागेला दिवे आहेत. म्हणून ती संध्याकाळी. तोपर्यंत मंडळींचे पाय भरून आलेले असतात, धाकट्याचा एक मोजा हरवलेला असतो, बाजारात घेतलेल्या चंदनी हत्तीचा सुळा बसमध्येच मोडलेला असतो, आणि "आता काही नको बुवा, खोलीवर जाऊन पडू या," असे म्हणणारे एक काका प्रत्येक बसमध्ये असतातच. तरीसुद्धा सगळे उतरतात, काकाही उतरतात. कारण वृंदावन पाहिले नाही, तर म्हैसूर पाहिले असे घरी परत येऊन सांगता येत नाही.

याचा पुरावा घरोघरच्या आल्बमांत सापडेल. आजोबांच्या आल्बमात, दातेरी कडांच्या काळ्यापांढऱ्या फोटोत, नऊवारीतल्या आजी कारंज्याशेजारी अंग चोरून उभ्या आहेत. वडिलांच्या आल्बमात त्याच कारंज्यापुढे नवे जोडपे आहे. रंग थोडे उडाले आहेत, पण हसू शाबूत आहे. आता नातवाच्या फोनमध्येही तेच कारंजे आहे. फक्त त्याचा स्वतःचा चेहरा इतका जवळून आला आहे की, कारंजे त्याच्या कानातून उडते आहे की काय असे वाटावे! तीन पिढ्यांनी एक बाग पाहिली. पण त्या बागेत कोणते झाड होते, असे तिघांपैकी कोणालाही विचारून पाहा. उत्तर मिळणे कठीण आहे.

यात पाहणाऱ्यांचाच सगळा दोष आहे, असे मी म्हणणार नाही. बाग 'पाहायला' जाणे ही गोष्ट आपल्याकडे मुळात नवी आहे. भाषेलाच विचारा ना! कोकणातला माणूस बाग शिंपायला जातो. मराठवाड्यातला शेतकरी मोसंबीचा बहार धरतो. घरामागच्या परसात अळू, तगर, कर्दळ आणि गवती चहा यांची दाटी असायची, आणि न्हाणीच्या पाण्यावर एखादी केळ पोसली जायची. पण "आमचे परस पाहायला या," असे निमंत्रण कोणी कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही. बाग ही राबण्याची, तोडण्याची, खाण्याची, आणि फार तर दुपारी पंचा अंथरून पडण्याची जागा होती. तिला फाटक आले, तिकीट आले, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लागली, तेव्हा ती प्रेक्षणीय झाली. आणि एकदा एखादी वस्तू प्रेक्षणीय झाली, की तिची गत दाखवून घेण्याच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखी होते. पोहे संपेपर्यंत सगळे तिच्याकडे पाहतात. तिची चौकशी करायची मात्र राहून जाते.

म्हणून अशा बागा नसाव्यात, असे कृपा करून कोणी समजू नये. दोन खोल्यांत ज्यांचा संसार, आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या डब्यातली तुळस हीच ज्यांची शेतीवाडी, त्यांना सार्वजनिक बाग हेच परस आहे. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. चाळींत वाढलेल्या कितीतरी मुलांनी पहिला हत्ती आणि पहिली गोरखचिंच तिथेच पाहिली असेल. बंगळूरची लालबाग हैदर अलीने १७६० साली घालायला घेतली. आज ती २४० एकरांवर पसरली आहे, आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास तिथल्या काचमहालात फुलांचे प्रदर्शन भरते, तेव्हा सारे शहर तिकडे लोटते. पण या बागा झाडांचा अभ्यास करणाऱ्यांनीही वाढवल्या. तिथे झाडाला नाव आहे, पाटी आहे, कूळ आहे. वृंदावन मात्र निव्वळ पाहण्यासाठी जन्माला आले. तेव्हा 'बाग पाहणे' याविषयी दोन शब्द बोलायचे, तर ते वृंदावनाविषयीच बोलावेत.

वृंदावनची बाग ही एका धरणाची बाग आहे. सहलीच्या पत्रकात हे लिहिलेले नसते. लिहिले असले तरी ते कोणी वाचत नाही. म्हैसूरपासून वीसेक किलोमीटरांवर कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या तीन नद्यांचे पाणी एकत्र येते. त्याच्या खाली, कण्णंबाडी गावाजवळ, १९११ साली धरण बांधायला सुरुवात झाली. म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. हे विश्वेश्वरय्या आपल्याला परके नव्हेत. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते अभियंते होऊन बाहेर पडले, आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुणे असे त्यांनी पाणी खेळवले. पुराचे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे प्रथम बसले, ते आपल्या खडकवासल्याच्या तलावावर, १९०३ साली. तीच युक्ती पुढे कावेरीवर गेली. म्हणजे या बागेच्या मागे जे पाणी तुंबले आहे, त्याच्या दरवाज्यांची पहिली परीक्षा मुठेने घेतली होती!

धरण सुमारे ८,६०० फूट लांब आहे, आणि ते चुना व सुरखी यांत बांधलेले आहे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. बांधकाम चालू असताना तिथे टिपू सुलतानाचा १७९४ सालचा फारसी शिलालेख सापडला. याच जागी धरण बांधण्याचा मनोदय त्याने त्यात कोरून ठेवला होता. सुलतानाचा मनोदय पुरा करायला एका राजाला, अनेक दिवाणांना आणि हजारो मजुरांना वीस वर्षे लागली. त्यामागची गरज कोरडी, व्यवहाराची होती. शिवनसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज निघत होती, आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी रोडावली की वीज कमी पडे. शिवाय मंड्याची कोरडवाहू जमीन पाण्यावाचून पडून होती. त्यासाठी पाणी अडवायचे होते. त्यात फुलाचा प्रश्न कुठेच नव्हता.

फूल आणले ते दिवाण मिर्झा इस्माईल यांनी. ते १९२६ साली दिवाण झाले. महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे ते बालपणापासूनचे सहाध्यायी. त्यांना स्वच्छतेचे आणि बागांचे वेड होते. सकाळी घोड्यावर बसून शहरात फेरी मारायची आणि कुठे कचरा पडला आहे, कुठे रोप वाळले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, अशी त्यांची ख्याती. धरण पूर्ण होत आले, तसे या दिवाणाच्या मनात आले असावे की, एवढे मोठे काम पाहायला लोक येणारच. त्यांना नुसती भिंत दाखवून परत पाठवायचे काय? १९२७ साली धरणाच्या पायथ्याशी बागेचे काम सुरू झाले, आणि १९३२ साली ते पुरे झाले. साठ एकरांची ही बाग. नमुना घेतला तो काश्मीरच्या शालिमारचा. संस्थानच्या बागांचे प्रमुख असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांचाही या कामात हात होता. हे गृहस्थ म्हैसूरला येण्यापूर्वी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. एका रस्त्यावरचा बहर ओसरला की दुसऱ्या रस्त्यावरचा सुरू व्हावा, अशा बेताने बंगळुरात झाडे लावणारा हा माणूस. पाहणाऱ्याची नजर वर्षभर रिकामी राहू नये, याची अशी काळजी वाहणारे लोक जगात थोडे असतात.

शालिमार बाग जहांगिराने १६१९ साली घालायला घेतली. उतारावर एकाखाली एक सोपान, मधून वाहणारा पाट, दोन्ही अंगांना झाडे. पाणी एका सोपानावरून खालच्या सोपानावर पडते, तिथे त्या पडद्यामागे भिंतीत ओळीने कोनाडे केलेले असतात. दिवसा त्यांत फुले ठेवायची, रात्री दिवे. पाण्याच्या पातळ पडद्यातून दिवा पाहायचा, ही कल्पना त्या बादशहांची. मिर्झासाहेबांनी कोनाड्यातल्या दिव्याच्या जागी विजेचा दिवा आणला. त्या काळी म्हैसूर संस्थानची वीज येत होती शिवनसमुद्रमहून, म्हणजे पुन्हा कावेरीच्याच पाण्यातून. आरतीत गंगेला गंगेचेच पाणी वाहावे, तसा कावेरीला कावेरीचाच उजेड!

पण मला या नकलेतली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. शालिमारमध्ये सगळे सोपान सगळ्यांसाठी नव्हते. खालचा सोपान आम दरबाराचा, मधला खाशांचा, वरचा जनानखान्याचा. जसजसे पाणी उगमाजवळ, तसतशी माणसे कमी. म्हैसूरच्या दिवाणाने बादशहाची बाग उचलली, आणि आतले पहारे तेवढे काश्मिरात ठेवून दिले. वृंदावनात एकदा तिकीट काढले की कोणीही कुठल्याही सोपानावर जाऊन बसावे. मंड्याचा शेतकरी, मद्रासचा कारकून, सोलापूरची शिक्षिका, सगळे सारखे. ज्याला काश्मीर या जन्मी परवडणार नव्हते, त्याच्यासाठी शालिमार रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या टप्प्यात आली. एवढे श्रेय त्या बागेला दिलेच पाहिजे.

संध्याकाळी तिथली गर्दी पाहण्यासारखी असते. अंधार पडू लागतो, तशी माणसे पायऱ्यांच्या कडेने, हिरवळीच्या काठाने जागा धरून बसतात. कोणी मुलाला खांद्यावर घेते, कोणी शेंगदाण्याची पुडी सोडते. कुंपणापलीकडची झाडे काळी होत जातात. मग कुणाचेही लक्ष नसताना एकदम दिवे लागतात. पाट निळा होतो, कारंजे तांबडे होते, आणि हजार तोंडांतून एकच उद्गार निघतो. तो कानडी नसतो, तमिळ नसतो, मराठी नसतो. लहान मुलाने प्रथम फुगा पाहिल्यावर काढावा तसा तो "हा!" असतो. त्या एका क्षणापुरते काकासुद्धा खोलीवर जायचे विसरतात. मग वाद्ये सुरू होतात, कारंजी सुरांवर उड्या मारू लागतात, आणि हात वर होऊन फोनचे पडदे उजळतात. तासाभराने दिवे मालवतात. शिट्या वाजतात, बसचे क्रमांक पुकारले जातात, आणि बाग पाहून होते.

पाहून होते खरी. पण त्या तासात सगळ्यांचे डोळे कारंज्याकडे असतात. बाजूला अंधारात उभी असलेली प्रचंड भिंत कोणी पाहत नाही. वास्तविक बागेत जे जे वाहते आहे, ते त्या भिंतीपलीकडून आले आहे. पाणी वर, बाग खाली. म्हणून तर ते आपल्याच भाराने सोपानासोपानावरून उतरते. आणि त्या पाण्याखाली गावे आहेत.

जुने कण्णंबाडी त्यांतलेच एक. धरणाला प्रथम त्याच गावाचे नाव होते. आजही त्या भागातले लोक 'कण्णंबाडी कट्टे' म्हणतात. तिथे होयसळांच्या काळचे वेणुगोपाळाचे देऊळ होते. पाणी चढले तसे देऊळ बुडाले. अवर्षणाच्या वर्षी पातळी फार खाली गेली की ते वर दिसू लागे, आणि लोक त्याच्या दर्शनाला जात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते देऊळ दगड दगड सुटा करून काढले, आणि जलाशयाच्या काठी नव्या जागी पुन्हा उभे केले. देवाला काठ मिळाला हे चांगले झाले. माणसांना असा पुन्हा दगड दगड जुळवता येत नाही. जे उठले ते नव्या वस्त्यांवर गेले, आणि त्यांच्या गल्ल्या, त्यांचे पार, त्यांच्या विहिरी तळाशी राहिल्या.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, तर मग धरण बांधू नये होते काय? इतके सोपे उत्तर मी देणार नाही. त्याच पाण्याने मंड्याचे माळ उसाने हिरवे झाले. १९३३ साली तिथे साखर कारखाना निघाला. ज्या भागात घागरीवर भांडणे होत, तिथे पाट वाहू लागले. एका गावाने आपले घर दिले आणि शंभर गावांच्या चुली पेटल्या. हिशेब मोठा आहे, तो इथे मांडता येणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, असा काही हिशेब आहे, याचा पत्ता बागेत बसलेल्या माणसाला नसतो. बाग इतकी सुंदर आहे की, प्रश्न विचारायचे त्याला सुचतच नाही.

वृंदावन दूर कर्नाटकात आहे. पण आपल्या घरचीही एक बाग अशीच आहे. गोदावरीवर पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. मातीचा बांध, लांबी सुमारे दहा किलोमीटर. जलाशयाला नाव दिले नाथसागर. शंभराहून अधिक गावांना या पाण्याची झळ पोचली. आणि धरणाच्या पायथ्याशी थेट वृंदावनच्या धर्तीवर बाग झाली. तिचे नाव ज्ञानेश्वर उद्यान. ज्या पैठणच्या ब्रह्मसभेत रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकली, तिथे ज्ञानेश्वरांच्या नावाची बाग असावी, हे उचितच झाले.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी पैठणला गेलो होतो. एकनाथांचा वाडा पाहिला, समाधी पाहिली, आणि मुलांचा आग्रह म्हणून आम्ही बागेकडे वळलो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा शेगडीवर कणसे भाजत बसला होता. मुलांनी त्याच्याभोवती कोंडाळे केले. एकीने सहज विचारले, "बाबा, तुमचं गाव कोणतं?"

त्याने हातातल्या पुठ्ठ्याने वारा घालता घालता बांधाकडे मान केली. "तिकडं. पाण्यात."

मुले हसायची थांबली. तो मात्र सवयीने सांगत राहिला. "उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की चौथरे दिसतेत. आमचा नाही दिसत. आमचा खोलात आहे."

"मग या बागेचा राग नाही येत तुम्हाला?" एका मुलाने विचारले.

म्हातारा त्याच्याकडे पाहून हसला. "राग कशाचा, लेकरा? झाडानं काय केलं? चार वर्षं रोजंदारीवर मीच तर पाणी घातलं याहिला." मग त्याने एक कणीस उलटे केले, त्याला लिंबू-मीठ चोळले, आणि मुलीच्या हातात दिले. "हे घे, कवळं आहे."

आम्ही बाग पाहिली. त्या दिवशी मुलांनी फोटो नेहमीइतकेच काढले; पण परतीच्या वाटेवर बसमध्ये कुठले झाड त्या म्हाताऱ्याने वाढवले असेल, यावर त्यांचा बराच वेळ वाद चालला होता. बागेतल्या झाडांविषयी वाद घालणारी सहल मी प्रथमच पाहत होतो.

ज्ञानेश्वर उद्यानाचे पुढे काय झाले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. एके काळी महाराष्ट्रभरच्या शाळांच्या सहली जिथे जात, त्या बागेच्या दुरवस्थेच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. कारंजी बंद, दिवे बंद, मग पुन्हा नूतनीकरणाच्या घोषणा. यात एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात यायला हवी. बागेची नक्कल करता येते. सकाळच्या फेरीची नक्कल करता येत नाही. नकाशा आणता येतो, कारंजी आणता येतात, दिवे तर बाजारात मिळतात. पण मेंदीचे कुंपण पंधरा दिवसांत बोटभर वाढते. हिरवळीत तण रोज उगवते. कारंज्याच्या तोट्यांत क्षार आणि गाळ बसतो, तो काढला नाही तर धार वाकडी होते, आणि मग बंद पडते. डिसेंबरात झेंडू, शेवंती आणि साल्व्हिया यांचे जे ताटवे आपण पाहतो, त्यांची रोपे गणपतीच्या सुमारासच कुणीतरी वाफ्यात वाढवायला घेतलेली असतात. आपण येण्यापूर्वी तीन महिने कोणीतरी आपली वाट पाहत होते, असाच त्याचा अर्थ नाही का?

राजवाडा एकदा बांधला की शंभर वर्षे उभा राहतो. बाग मात्र रोज सकाळी नव्याने बांधावी लागते. म्हणून बाग ही तिच्या मालकाची खरी परीक्षा. आणि सार्वजनिक बागेचे मालक कोण? आपणच.

मालक काय मागतात, तसा नोकर वागतो. आपण बागेकडे झाडे मागितली असती, तर आपल्याला झाडे मिळाली असती. आपण दिवे मागितले, दिवे मिळाले. मग नुसत्या दिव्यांनी भागेना, तेव्हा सूर मिळाले. २०२४ साली कर्नाटक सरकारच्या मंत्रिमंडळाने वृंदावनचे मोठे करमणूक उद्यान करण्याच्या योजनेला मान्यता दिली. खर्चाचा आकडा अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक होता. मंड्याच्या शेतकरी संघटनांनी विरोध केला. धरणाच्या पायथ्याशी एवढी बांधकामे आणि एवढी गर्दी नको, असे त्यांचे म्हणणे. योजना चांगली की वाईट, हा निवाडा जाणकार करतील. मला त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटली. धरणाची आठवण झाली, ती बाग पाहायला येणाऱ्यांना नव्हे. धरणाच्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांना झाली. आपण पाहुणे. आपण पाळण्यात बसणार आणि निघून जाणार. पातळी १२४.८० फुटांवर, म्हणजे पूर्ण भरली, की मंड्यात गोडधोड होते. ती खाली गेली की तिथे झोप उडते. त्याच पाण्याचे चार थेंब आपल्यासाठी नाचत असतात.

तेव्हा यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ज्यांचे दक्षिणेकडचे बेत ठरले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. बस चालकाला थोडे मस्का लावा आणि वृंदावनात ऊन असतानाच पोचा. दिवे लागण्याआधीची बाग पाहा. त्या वेळी माळी कामावर असतात, पाट स्वतःच्या रंगाचा असतो, आणि झाडे झाडांसारखी दिसतात. मुलांना घेऊन भिंतीच्या जितके जवळ जाऊ देतील तितके जा, मान वर करा, आणि तिच्यामागे काय आहे ते त्यांना सांगा. शिवनसमुद्रम सांगा, मंड्याचा ऊस सांगा, कण्णंबाडी सांगा. खडकवासल्याचे दरवाजे सांगा. मुलांना आपल्या गावचे काही निघाले की आनंद होतो. त्यानंतर दिवे लागले, की खुशाल त्यांच्याबरोबर "हा!" म्हणा. तो उद्गार काही कमी होणार नाही. उलट त्याला थोडे वजन येईल.

दिवाळीत आपण दारात रांगोळी काढतो, ती घरातल्या माणसांसाठी नसते. ती येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असते. कोणीतरी वाटेने जावे, क्षणभर थबकावे, आणि मनात म्हणावे, "वा, या घरात आनंद आहे." मिर्झासाहेबांनी धरणाच्या दारात काढली, ती अशीच रांगोळी. पण आपल्या बायका जाणतात की रांगोळी शेणाने सारवलेल्या अंगणावर उठते, झाडल्याशिवाय कोणी ती काढीत नाही, आणि कालची आज चालत नाही. शिवाय शेजारीण रांगोळी पाहायला आली, तर ती पहिला प्रश्न हाच करते : "काढली कुणी हो?"

तेवढा एक प्रश्न बागेतही विचारावा. ताटव्यात वाकलेल्या एखाद्या माळ्याला हाक मारून म्हणावे, "दादा, या झाडाचं नाव काय?" तो कानडीत सांगेल. ते तुम्हाला नीट कळणार नाही, आणि दुसऱ्यांदा विचारले तर तो हसून पुन्हा तेच सांगेल. ते नाव जसे ऐकू येईल तसे फोटोखाली लिहून ठेवा. पुढे कधी नातवंडांनी विचारले, तर आल्बममध्ये निदान एक झाड तरी सापडेल.